अक्काचा गुर्दा

मास्तरांच्या घरात खोली भाड्यानं मागायला गेलो तेव्हा त्यांनी मला अंगणातच उभं केलं आणि स्वतः ओसरीवर खुर्ची टाकून बसले. आमच्यामध्ये चांगलं आठ-दहा हातांचं अंतर. गाव कोणतं, जात कोणती, लग्न झालं का, यातलं काही त्यांनी विचारलं नाही.

"गोवर येऊन गेला का?"

"हो."

"गालफुगी?"

"तीही आली होती."

"आन कांजन्या?"

"तिसरीत असताना."

"पुरावा?"

मी कपाळावरचा बारीक खड्डा दाखवायला दोन पावलं पुढं झालो, तर ते खुर्चीसकट मागं सरकले. "तिथूनच दाखव गड्या. मले लांबचं चांगलं दिसते." मला वाटलं, घरात उपवर बहीण असावी आणि हा माणूस स्थळाची चौकशी करतोय. म्हणून मी खड्डा शक्य तितका नम्रपणे दाखवला. खोली मिळाली. बहीण होती, पण ती इंझोरीला दिलेली, चार लेकरांची आई. ती पुढं येईलच.

केनवडच्या शाळेत मला नुकतीच नोकरी लागली होती. सत्तरचं दशक अर्धं सरलेलं. वाशीम जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आमचा मुलूख अकोल्यातच मोडायचा. मास्तर त्याच शाळेत इतिहास शिकवत, म्हणजे माझे घरमालकही तेच आणि वडीलधारे सहकारीही तेच. वय असेल पस्तीसेक. तोंडाला कायम एक पांढरा रुमाल बांधलेला, त्यामुळं गावानं नाव पाडलं होतं 'नाकबंद मास्तर'. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. "नाक बंद हाय, कान नाही," असं ते मागून बोलणाऱ्याला सांगत.

वर्गात शिरायच्या आधी ते दारात उभे राहून नाकतपासणी करत. ज्याचं नाक वाहतंय तो पाटी घेऊन बाहेर चिंचेखाली. पोरांनी आठ दिवसांत ओळखलं की शिंक आली की चिंचेखाली बसायला मिळतं. मग आजोबांची तपकीर, चुलीतली राख, मिरचीचं बी, सगळं वर्गात येऊ लागलं. एक दिवस निम्मा वर्ग चिंचेखाली होता आणि वर चढून चिंचा पाडत होता. मास्तरांनी त्यांना काही म्हटलं नाही. फक्त चिंचेखालच्यांसाठी एकोणतीसचा पाढा नेमला. त्यानंतर केनवडच्या शाळेत त्या हिवाळ्यात कोणी शिंकलं नाही.

या सगळ्याचं कारण असं की मास्तरांच्या पोटात दुसऱ्याचा गुर्दा, म्हणजे मूत्रपिंड, होता. त्यांचे स्वतःचे दोन्ही तरुणपणीच कामातून गेले होते. लग्न जमत आलं होतं, तेवढ्यात तोंडावर आणि पायांवर सूज आली, आणि लग्न राहिलं ते राहिलंच. मद्रासच्याही पलीकडं एका मोठ्या दवाखान्यात तेव्हा गुर्दा बदलायचं काम नुकतंच सुरू झालेलं होतं. रक्ताच्या नात्यातल्या कुणाचा तरी जुळायला हवा होता. जुळला तो अक्काचा, थोरल्या बहिणीचा. अक्काचा नवरा नाही म्हणाला, तेव्हा तिनं त्याला विचारलं होतं, "मी काय तुमचा गुर्दा देऊन राह्यली का?" आणि धाकट्या दिराला सोबत घेऊन, आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसून ती दोन दिवसांच्या प्रवासाला निघाली. परत आल्यावर तीन महिन्यांत ती शेतात निंदणाला गेली. मास्तर मात्र त्या दिवसापासून आपल्या पोटाचे राखणदार झाले.

त्या गुर्द्याला ते 'अक्का'च म्हणत. पाणी पिताना म्हणायचे, "मले नाही, अक्काले तहान लागली." सकाळी काचेच्या मापात लघवी मोजायचे आणि आकडा भिंतीपलीकडून मला ओरडून सांगायचे. "आज अक्का खुश हाय." मी दात घासत असायचो. पहिले काही दिवस मला कसंसंच व्हायचं, पुढं आकडा ऐकल्याशिवाय चहा गोड लागेना.

गावाला त्यांनी आपला आजार समजावून सांगितला होता तो असा: "दुसऱ्याचा गुर्दा म्हंजे आंगात आलेला पाव्हना. आंगातले शिपाई त्याले हाकलाले पाह्यतात. म्हनून मी शिपायाईले गोळ्या देऊन झोपवतो. पन शिपाई झोपले का चोराचं फावते. तुमाले जे पडसं दोन दिवसात सोडते, ते माह्या घरात बिऱ्हाड करते." लोक मान डोलवायचे, आणि डोलवता डोलवता खोकायचे.

त्यांच्या या आठ-दहा हातांच्या अंतराचं एक वेगळंच कौतुक मला वाटायचं. छपन्न साली धर्म बदललेलं त्यांचं घर, आणि मी कुणब्याचा पोरगा. मी तिथं खोली घेतली म्हणून माझ्या काकांनी महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. पण त्या ओसरीपुढं मी पाटलालाही अंगणात उभं राहिलेलं पाहिलं, सावकारालाही आणि मास्तरांच्या सख्ख्या चुलतभावालाही. अख्ख्या गावात सगळ्यांना सारखं लांब ठेवणारा माणूस तो एकच होता. एकदा पाटलाला लोटीतून वरून पाणी घालताना मास्तर रुमालाआडून हसत म्हणाले, "पाटील, तुमच्या आज्यानं माह्या आज्याले असंच पानी वाढलं. फरक इतलाच, मी हात धुवून वाढून राह्यलो." पाटील पाणी प्याला आणि हसलाही. पण कानाची पाळी लाल झालेली मी पाहिली.

आता लिंबाची गोष्ट. मास्तर ऑपरेशन करून गावी आले तेव्हा भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आजाऱ्याला भेटायला जाणं आपल्याकडं कुणी चुकवत नाही, आणि लांबून भेटणं म्हणजे भेटणंच नव्हे. बाजेवर बसायचं, कपाळाला हात लावायचा, टाका कुठं घातला ते बघायचं. दोन गावच्या बाया तर टाक्यावर बोट फिरवून गेल्या. मास्तरांनी हात जोडले, चिडून पाहिलं, दाराला कडी लावली, तर लोक खिडकीतून खोकत भेटू लागले. शेवटी एके सकाळी त्यांनी कडुलिंबाची भली मोठी डहाळी तोडून चौकटीला बांधली.

दारावर लिंब म्हणजे घरात माता आलेली. कुणाच्या तरी अंगावर गोवर नाहीतर कांजण्या. त्या घरात कुणी जात नाही, फोडणी देत नाहीत, मोठ्यानं बोलत नाहीत. रीघ त्या दिवसापासून थांबली. आमचे हेडमास्तर रस्त्यातून ओरडले, "काहो मास्तर, तुमी तर माता-गिता मानत नाही ना? मागच्या वर्षी शाळेत अर्धा तास भाषन देलं होतं."

"मी नाही मानत," मास्तर आतून म्हणाले. "ते मानतात. पाटी लिहायची तर वाचनाऱ्याच्या भाषेत लिहा लागते."

मी राहायला गेलो तेव्हा डहाळीला वर्ष उलटून गेलं होतं. वाळली की ते नवी बांधत. त्यापायी एकदा मोठी फजिती झाली. देवीच्या रोगाचा शेवटचा रुग्ण शोधत सरकारी जीपगाड्या गावोगाव हिंडत होत्या आणि खबर देणाऱ्याला बक्षीस होतं. रिसोडच्या बाजारात कुणीतरी सांगून टाकलं की केनवडात एका मास्तराच्या दाराला वर्षभर लिंब आहे. दुसऱ्या दिवशी जीप दारात. रोगी काही सापडेना. तेव्हा आलोच आहोत तर निदान टोचून तरी जाऊ, असं त्या लोकांनी ठरवलं. आणि ती लस म्हणजे जिवंत जंतूंची, ती घ्यायची नाही असं मास्तरांना दवाखान्यानं बजावलेलं. मास्तर आत कडी लावून बसले. बंद दारातून त्यांनी बाहेरच्या तीन सरकारी माणसांना शिपाई, चोर आणि पाव्हना यांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. तासाभरानं ते तिघं माझ्या खोलीत चहा पीत होते आणि त्यांतला साहेब मला विचारत होता, "ह्या पाव्हण्याचं पुढे काय झालं?" मग दवाखान्याचं पत्र दाराखालून बाहेर आलं, साहेबानं ते वाचलं आणि जीप गेली.

पुढच्या फाल्गुनात गावात खरोखरच कांजण्या आल्या. दोन आळ्यांत मिळून वीसेक लेकरं असतील. मास्तरांनी शाळेतून रजा काढली. मी शाळेतून आलो की अंगावरचे कपडे बाहेर वाळत टाकून अंघोळ करून घरात शिरायचो. आम्ही दोघं स्वतःवर खूश होतो, कारण आमच्या दारावर लिंब होता.

पहिल्या दिवशी उंबऱ्यावर पाणी ओतलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी दहीभात. तिसऱ्या दिवशी हळदकुंकू आणि दोन नारळ. आम्ही बुचकळ्यात पडलो. शेजारच्या आजीला मी विचारलं तेव्हा ती सहजपणे म्हणाली, "माता कोनाच्याबी घरून पंधरा दिवसात जाते बाप्पा. ह्या घरी दोन वर्सं झाले बसून राह्यली, आन मास्तरच्या आंगावर एक फोड नाही. म्हंजे हे घर तिचं ठानच हाय, कायमचं." बायांचा हिशोब अगदी सरळ होता. ज्या पाटीनं मास्तरांनी गाव लांब ठेवलं होतं, ती पाटी वाचूनच आजारी लेकरांच्या आया आता नेमक्या त्यांच्याच दारात येत होत्या.

मी मास्तरांना हे सांगायला आत वळलो, तर ते परसातून ओसरीवर येत होते. त्यांची दुपारची बाज तिथं टाकलेली असे. त्या बाजेवर, त्यांच्याच वाकळेवर, दोन-अडीच वर्षांची एक पोर झोपली होती. तोंडावर, मानेवर, पोटावर ताजे पाणीदार फोड. तिची आई खाली उंबऱ्याशी डोकं टेकून बसलेली. आम्ही काही बोलायच्या आत पोर झोपेत वळली आणि बाजेच्या काठावरून घसरली. खाली फरशीची कड होती.

मास्तरांनी तिला वरच्यावर झेललं. विचार करायला वेळच नव्हता, आणि असता तरी त्यांनी झेललंच असतं असं मला वाटतं. पोर घाबरून रडली आणि त्यांच्या गळ्याला घट्ट बिलगली. रुमाल सुटून खाली आला. दोन वर्षांत त्यांनी कुणाला स्पर्श केला नव्हता, आणि आता त्या पोरीचा ओला गाल त्यांच्या गालाला लागलेला. ते तसेच उभे राहिले. हलक्या हातानं तिच्या पाठीवर थोपटत म्हणाले, "उगी, उगी. लागलं नाही माय तुले."

आई हात जोडून म्हणाली, "घेतलं मातेनं पदरात."

ती गेल्यावर मास्तरांनी साबण संपेस्तोवर अंघोळ केली, मग येऊन डहाळी उपटून उकिरड्यावर फेकली. दुसऱ्या दिवशी सकाळी बायांनी तिथं नवी बांधून ठेवलेली होती.

दवाखान्याला आम्ही तार केली. तिकडून उत्तर आलं: लहानपणी कांजण्या येऊन गेल्या असतील तर धोका कमी, गेल्या नसतील तर फार मोठा, ताबडतोब कळवा. मी म्हटलं, "मास्तर, ऑपरेशनच्या वेळी त्यांनी विचारलं असेल की."

"इचारलं होतं. मी सगळ्यालेच हो म्हनलो. नाही म्हनलो तर वापस पाठोतीन, असं वाटलं मले." जगाला पुरावा मागणारा हा माणूस, स्वतःचा पुरावा त्याच्यापाशी नव्हता. अंगावर खूण नव्हती. आई-वडील गेलेले. सांगणारं एकच माणूस उरलं होतं.

"मले मरनाचं काही नाही गड्या," ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले. "पन बाईनं पोट फाडून देलेली वस्तू. ती माह्या हातून मातीत गेली तर तिले काय तोंड दाखवू?" त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी भिंतीपलीकडून आकडा आला नाही.

मी एस.टी.नं इंझोरी गाठली. दोनदा गाडी बदलावी लागली. अक्का खळ्यावर हरभरा बडवत होती. उंच, काटक बाई, नऊवारीचा काचा मारलेला. मी सगळं सांगितलं. तिनं हातातलं दांडकं खाली ठेवलं, माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि ताडकन म्हणाली, "आल्या होत्या ना. वर्साचा होता तो. आंगावर सुई टोचाले जागा नव्हती. मायनं पंधरा दिवस भाजीले फोडनी देली नाही. मी उशापाशी बसून लिंबाच्या पाल्यानं वारा घालू घालू थकली. सांगजा त्याले, निचिंत झोप म्हना."

हे ऐकून मास्तर खरंच झोपले. चौदा तास झोपले. उठल्यावर पहिल्यांदा दोन तांबे पाणी प्याले आणि "अक्काले तहान लागली होती" म्हणाले. दवाखान्याला तसं कळवलं. आम्ही पुन्हा हसू-बोलू लागलो.

पोरीला झेललं त्याच्या बाराव्या दिवशी त्यांच्या पाठीत डाव्या बाजूला आग पेटली. दुसऱ्या दिवशी तिथं फोड आले. शेजारची आजी अंगणातूनच म्हणाली, "नागीन हाय ही. तोंड आन शेपूट जुयलं का मानूस हातचा जाते. गेरूची काव लावा." मी मास्तरांना तडक अकोल्याच्या गाडीत बसवलं. अकोल्याला जाईपर्यंत गाडीत ते एका हातानं पोटाचा तो भाग धरून बसले होते, जिथं अक्काचा गुर्दा होता.

अकोल्याचे डॉक्टर म्हातारे आणि सावकाश होते. त्यांनी पाठ पाहिली, पोट पाहिलं, बोटानं फोडांची रेघ मणक्यापासून बेंबीपर्यंत मोजली. उजवी बाजू कोरी होती. मग लघवी आणि रक्त तपासायला दिलं आणि आम्हाला संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं. संध्याकाळी बोलावून म्हणाले, "नागीणच आहे. त्या मुलीनं दिलेली नाही. कांजण्यांचे जंतू लहानपणी शिरतात, आजार जातो, पण ते पाठीच्या नसांत झोपून राहतात. तुमच्या गोळ्यांनी शिपाई झोपले आणि हे जागे झाले."

मास्तर दचकून माझ्याकडं बघू लागले. मी मान हलवली. मी डॉक्टरांना शिपायांचं काही सांगितलं नव्हतं. सगळ्या डॉक्टरांकडं बहुधा तीच गोष्ट असते.

"म्हंजे लहानपनी...?"

"कांजण्या आल्याशिवाय नागीण येतच नाही. तुम्हाला नक्की येऊन गेल्यात. दुखेल पुष्कळ, डाग राहतील. गोळ्या काही दिवस कमी करू, तुमच्या दवाखान्याला विचारून. गुर्दा ठणठणीत आहे." मग चष्मा काढत ते म्हणाले, "कोणी दिलाय?"

"अक्कानं," मास्तर म्हणाले आणि तिथंच, त्या दवाखान्यात, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मीही रडलो. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

चार दिवसांनी आम्ही केनवडला परतलो तेव्हा अक्का येऊन ओसरीवर बसली होती. कुणीतरी नागिणीची बातमी इंझोरीपर्यंत पोचवली होती. मास्तर बाजेवर आडवे झाले. मी तिला डॉक्टरांचं बोलणं सगळं सांगितलं: नागीण आली म्हणजे लहानपणी कांजण्या येऊन गेल्याच, त्याशिवाय ती येत नाही, आणि म्हणून आता भीती नाही.

अक्कानं ते ऐकलं. मग हळूच मला म्हणाली, "म्हंजे खरंच आल्या होत्या?"

"अहो, तुम्हीच तर सांगितलं."

"मले काय मालूम भाऊ? तो वर्साचा, तवा मी पाच वर्साची. मले काही याद नाही."

बाजेवर मास्तर उठून बसले.

"आणि ती फोडणी?" मी म्हणालो. "तो लिंबाचा पाला, तो वारा?"

"माता आली का कोनाच्या घरी फोडनी देतात? ते सांगाले याद कायले लागते?" ती म्हणाली. "तुमचं तोंड असं उतरलं होतं, मी म्हनलं ह्या भाऊचं असं, तर त्याचं कसं असंन. भेवानंच मरन तो. म्हनून देलं सांगून."

"अक्का," मास्तर म्हणाले, "तू खोटं बोलली?"

"बोलली."

"आन मले खरंच आल्या नसत्या तर?"

"तर तू चौदा तास निचिंत झोपून मेला असता," अक्का म्हणाली. "एक गुर्दा देला, एक खोटं देलं. माह्यापाशी जे होतं ते देलं. आता दोन्ही लागू पडले, तर तू काहून उलटा माह्यावरच गुरकावून राह्यला?"

मास्तर हसायला लागले. हसताना नागीण पाठीत कळ मारी, की ते "अगं माय" म्हणत, आणि पुन्हा हसत. अक्का उठली आणि त्यांची पाठ धरून बसली.